एका शुद्धिपत्राचा इतिहास

इ. स. १८०० हें लीप वर्ष नव्हतें. ज्या सालाच्या आंकड्यास चारांनीं निःशेष भाग जातो तें लीप वर्ष, एवढा नियम शाळेंतल्या मुलासहि पाठ असतो. परंतु शतकाच्या अखेरच्या वर्षास चारशेंनीं भाग गेला पाहिजे, हा त्या नियमाचा अपवाद पुष्कळांच्या ध्यानांतून सुटतो. जॉन हॅमिल्टन मूर या इंग्रज ग्रंथकाराच्या हातून तो असाच सुटला. त्याचा नौकानयनावरील ग्रंथ अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेच्या खलाशांचा नित्याचा सोबती होता. त्यांतील सूर्याच्या क्रांतीच्या कोष्टकांत १८०० हें लीप वर्ष धरलें होतें. मार्च महिन्यांत, संपाताच्या सुमारास, सूर्याची क्रांति एका दिवसांत सुमारें चोवीस कला बदलते. आणि अक्षांशाची एक कला म्हणजे समुद्रावरचा एक सागरी मैल. अर्थात् मध्यान्हीं सूर्याचा वेध अचूक घेऊन आणि पुढचें गणित बिनचूक करूनहि कप्तान आपलें जहाज आहे त्याच्यापासून चोवीस मैल दूर आहे असें समजणार. या चुकीपायीं कांहीं जहाजें खडकांवर गेलीं, असें अमेरिकेंतील इतिहासलेखक सांगत आले आहेत.

मूरच्या ग्रंथांतील चुका ज्यानें निपटून काढल्या तो नॅथॅनिएल बाउडिच मॅसॅच्युसेट्समधील सेलम बंदराचा रहिवासी. जन्म १७७३ चा. शाळा लहानपणींच सुटलेली. बाराव्या वर्षीं जहाजांस लागणारें सामान पुरविणाऱ्या एका दुकानांत उमेदवार म्हणून बसविलेला. न्यूटनचा ग्रंथ वाचतां यावा म्हणून हा मुलगा आपला आपण लॅटिन शिकला. पुढें व्यापारी जहाजांवरून फिरतांना तो मूरचीं कोष्टकें स्वतः मांडून पाहूं लागला, आणि चुकांची यादी वाढतां वाढतां सुमारें आठ हजारांवर गेली असें सांगतात. न्यूबरीपोर्टचा प्रकाशक एडमंड ब्लंट यानें १७९९ सालीं बाउडिचच्या दुरुस्त्यांसह मूरचा ग्रंथ छापला. परंतु ठिगळें इतकीं झालीं कीं मूळ वस्त्र दिसेना. तेव्हां १८०२ सालीं बाउडिचच्याच नांवानें नवा ग्रंथ निघाला. तो आज अमेरिकन सरकार प्रसिद्ध करतें, आणि खलाशी त्याचें लांबलचक नांव न घेतां त्यास नुसतें 'बाउडिच' म्हणतात. चुका काढणाऱ्याच्या वांट्यास असा मान क्वचितच येतो.

महाराष्ट्रास ग्रंथशुद्धीची कल्पना नवी नाहीं. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ही हकीकत घरोघर माहीत आहे. आणि पुस्तकाच्या अखेरीस जोडलेलें शुद्धिपत्र कोणी वाचलेलें नसलें तरी पाहिलेलें सर्वांनींच असतें. परंतु या सर्व उदाहरणांत मूळ वस्तु स्थिर होती. सूर्याची क्रांति कोणाच्या मर्जीनें बदलत नाहीं. कोष्टक एकदां तिच्याशीं जुळलें कीं काम झालें. संगणकाच्या युगांत मात्र असा एक ग्रंथप्रकार जन्मास आला आहे कीं, त्यांत वर्णिलेली वस्तुच दर कांहीं महिन्यांनीं पालटते, आणि काल अक्षरशः खरें असलेलें वाक्य कोणीं हात न लावतांहि आज खोटें ठरतें. संगणकाच्या आज्ञावल्यांबरोबर येणारी माहितीपुस्तिका ती हीच. तिच्यांतील चुका कशा उपजतात व कोण दुरुस्त करतो, हें 'मॅटप्लॉटलिब' या एका उदाहरणावरून चांगलें कळतें.

संगणकवाल्यांच्या भाषेंत लायब्ररी म्हणजे पुस्तकांचें कपाट नव्हे. पुन्हां पुन्हां लागणारीं कामें एकदां नीट लिहून ठेवावीं आणि दुसऱ्यानें आपल्या आज्ञावलींत त्यांना नांवानिशीं बोलवावें, अशा तयार कृतींचा तो संग्रह. मॅटप्लॉटलिब हा पायथन या संगणकभाषेंतील आलेख काढण्याच्या कृतींचा संग्रह आहे. तो ओपन सोर्स, म्हणजे उघड्या वहीसारखा आहे: कोणीहि वाचावा, वापरावा, बदलावा, दाम मोजावा लागत नाहीं. पर्जन्यमानाच्या रेघा, रुग्णसंख्येचे स्तंभ, ताऱ्यांच्या प्रकाशाचे चढउतार असे असंख्य आलेख आज याच संग्रहांतून निघतात. २००८ च्या मे महिन्यांत नासाचें 'फीनिक्स' यान मंगळावर उतरलें तेव्हां त्याची माहिती चित्ररूपानें दाखविण्यास हाच संग्रह वापरला गेला.

त्याचा कर्ता जॉन हंटर. १९६८ सालीं अमेरिकेंतील टेनेसी राज्यांत जन्मलेला हा गृहस्थ व्यवसायानें संगणकतज्ज्ञ नव्हता. शिकागो विद्यापीठांत तो मज्जासंस्थेच्या जीवशास्त्राचा अभ्यास करीत होता. तेथें अपस्माराच्या रोग्यांवर शस्त्रक्रिया करण्यापूर्वीं मेंदूच्या पृष्ठभागावर विद्युदग्रें ठेवून त्यांतून उठणाऱ्या लहरी नोंदविल्या जात. झटका मेंदूच्या कोणत्या भागांत उगम पावतो हें त्या लहरींवरून ठरवावयाचें, आणि शस्त्र चालवावयाचें तें त्या निर्णयावर. लहरी पाहण्याचें विकत घेतलेलें सॉफ्टवेअर होतें, पण परवाना एकच. संगणकास एक लहानशी वस्तु, जिला डोंगल म्हणतात ती, जोडल्यावांचून तें उघडत नसे. विद्यार्थी, डॉक्टर, संशोधक सर्वजण ती एकच किल्ली पाळीपाळीनें एकमेकांकडून मागून नेत. एका घरांत एकच छत्री असावी आणि पावसाळ्यांत सर्वांना एकाच वेळीं बाहेर जावयाचें असावें, तसा तो प्रकार.

हंटरनें प्रथम मॅटलॅब नांवाच्या दुसऱ्या विकतच्या प्रणालींत पर्याय उभारला. परंतु निरनिराळ्या ठिकाणीं सांठविलेल्या रोग्यांच्या नोंदी, मेंदूचीं छायाचित्रें आणि लहरी एकत्र आणतां आणतां ती प्रणाली अपुरी पडूं लागली. तेव्हां तो पायथनकडे वळला. पायथनमध्यें बाकी सर्व होतें. मनाजोगा आलेख काढण्याची सोय नव्हती. ती त्यानें स्वतः लिहिली आणि २००३ सालीं जगापुढें मोकळी ठेवली. मॅटलॅबची संवय असलेल्यांस अडखळावें लागूं नये म्हणून आज्ञांचीं नांवें मुद्दाम तिकडच्याच धर्तीचीं ठेवलीं. या सौजन्याची किंमत पुढें माहितीपुस्तिकेला मोजावी लागली.

ती कशी, तें पाहण्यासारखें आहे. मॅटलॅब मोजणी एकापासून करतें, पायथन शून्यापासून. एका कागदावर अनेक लहान आलेख मांडावयाचे असल्यास मॅटप्लॉटलिबची एक जुनी आज्ञा, मॅटलॅबच्या वळणानें, पहिल्या चौकटीस एक म्हणते. त्याच कामाची दुसरी, नवी पद्धत चौकटींची यादी हातीं देते, आणि तिच्यांत पहिल्या चौकटीचा क्रमांक शून्य असतो. दोन्ही आज्ञा खऱ्या, दोन्ही चालू. माहितीपुस्तिकेंत एका ठिकाणीं 'एकापासून' असा एवढाच शब्द राहून गेला तर नवशिक्याचा आलेख शेजारच्या चौकटींत जाऊन बसतो, आणि दोष आपलाच अशी समजूत करून घेऊन तो बिचारा रात्र जागतो. छापील वस्तूवर माणसाचा विश्वास फार. आपल्या डोळ्यांवर त्याहून कमी.

आतां ही माहिती असते कोठें? निराळ्या ग्रंथांत नव्हे. प्रत्येक कृतीच्या मथळ्याखालीं, त्या आज्ञावलीच्याच पोटांत, साध्या इंग्रजींत एक टिपण लिहिलेलें असतें. त्यास डॉकस्ट्रिंग म्हणतात. 'स्फिंक्स' नांवाचें एक साधन तीं सर्व टिपणें गोळा करून त्यांची सुबक पुस्तिका बांधतें. कल्पना अशी कीं, कृति व तिचें वर्णन शेजारीं शेजारीं राहिलीं म्हणजे एक बदलणाऱ्याच्या दृष्टीस दुसरें पडेल. पडतें, परंतु नेहमीं नाहीं. कृति चुकली तर आज्ञावली बंद पडते, तक्रार करते. वर्णन चुकलें तर कांहींच होत नाहीं. संगणक टिपण वाचीत नाहीं. तें वाचणारा एकच, माणूस. आणि तोहि अशा वेळीं वाचतो कीं जेव्हां खरें काय हें त्यास ठाऊक नसतें.

त्यांतच आणखी एक गुंतागुंत आहे. एकच टिपण यंत्राच्या साह्यानें अनेक ठिकाणीं उतरविलें जातें. आलेखवस्तूस दिलेली आज्ञा आणि तीच आज्ञा थोडक्यांत देण्याची सोपी रीत, या दोहोंचीं वर्णनें एकाच मुळांतून निघतात. रेघेची जाडी, रंग, ठिपक्यांचा आकार यांचें कोष्टक डझनावारी पानांवर तेंच तें छापलें जातें. म्हणून मुळांत एक शब्द चुकला तर तो पानोंपान चुकतो. पूर्वीं नकल करणाऱ्या लेखकाच्या हातून पाठभेद शिरत, येथें नक्कल निर्दोष असते आणि दोषहि निर्दोषपणें उतरतो. उलट दुरुस्तीहि तशीच: एका जागीं शब्द बदलला कीं सर्व पानें एकदम शुद्ध.

चित्रांच्या बाबतींत मात्र या मंडळींनीं फार शहाणपणाची योजना केली. माहितीपुस्तिकेंतील आलेख कोठून आणून चिकटविलेले नसतात. शेजारीं छापलेली आज्ञावली पुस्तिका बांधतांना प्रत्यक्ष चालविली जाते आणि तिच्यांतून निघालेलें चित्रच पानावर बसतें. त्यामुळें चित्र खोटें बोलूं शकत नाहीं. खोटें बोलावयाचें तें काम शब्दांकडे राहिलें.

२०१७ च्या जानेवारींत मॅटप्लॉटलिबची दुसरी मोठी आवृत्ति, २.०, निघाली तेव्हां शब्दांची ही परीक्षा खरी झाली. त्या आवृत्तींत, वापरणाऱ्यानें कांहींच न सांगितल्यास काय धरावयाचें, ते गृहीत आंकडेच बदलले. पूर्वीं आलेखाचा कागद आठ इंच रुंद व सहा इंच उंच आणि इंचास ८० ठिपके असे. तो आतां ६.४ इंच व ४.८ इंच झाला, आणि ठिपके १०० झाले. गुणाकार करून पाहिला तर दोन्ही वेळां ६४० ठिपके रुंदी व ४८० ठिपके उंचीच येते. पडद्यावर फरक शून्य. इंच मोजून कागदावर छापणाऱ्यास मात्र एक पंचमांशाचा. जुन्या पुस्तकांतील व पाठांतील 'आठ बाय सहा' हीं वाक्यें त्या दिवशीं एकदम खोटीं झालीं.

रंगांची गोष्ट याहून गंभीर आहे. कमीजास्त प्रमाण रंगांनीं दाखविण्यासाठीं पूर्वीं 'जेट' नांवाची, निळ्यापासून लालपर्यंत इंद्रधनुष्यासारखी जाणारी रंगमाला आपोआप वापरली जाई. तीहि मॅटलॅबच्याच घरची. ती दिसते मोहक. पण तिच्यांतील पिवळा पट्टा डोळ्यांत भरतो, आणि जेथें आंकड्यांत पायरी नाहीं तेथें पायरी असल्याचा भास होतो. २०११ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं हृदयाच्या रोहिण्यांचीं चित्रें वैद्यकशास्त्र जाणणाऱ्यांपुढें ठेवून पाहिलें. इंद्रधनुषी रंगांतील त्रिमितीय चित्रांवरून धोक्याच्या जागांपैकीं ३९ टक्केच ओळखल्या गेल्या. सपाट मांडणी व योग्य रंग देतांच तें प्रमाण ९१ टक्क्यांवर गेलें. मॅटप्लॉटलिबसाठीं नॅथॅनिएल स्मिथ आणि स्टेफान व्हान डेर वॉल्ट यांनीं दृष्टीचें शास्त्र पाहून, रंगांधळ्यांसहि वाचतां येईल अशी 'व्हिरिडिस' ही नवी रंगमाला रचली. २.० आवृत्तींत ती जेटच्या जागीं आली. रंगमाला कशी निवडावी याचें एक सविस्तर प्रकरणच आतां माहितीपुस्तिकेंत आहे, आणि तें त्यांतील उत्तम लेखनांपैकीं आहे.

आयतालेखाच्या आज्ञेंतील 'नॉर्म्ड' या पर्यायाची हकीकतहि सांगण्याजोगी आहे. तो दिला कीं स्तंभांचें एकूण क्षेत्रफळ एक होई. वाचणाऱ्यांपैकीं अनेकांची समजूत मात्र अशी कीं स्तंभांच्या उंचींची बेरीज एक होते. आणि स्तंभांची रुंदी एक नसली कीं या दोन गोष्टी भिन्न. संख्यांचें काम करणाऱ्या 'नम्पाय' या भावंड लायब्ररींत तर याच नांवाचा पर्याय असमान रुंदीच्या स्तंभांसाठीं चुकीचें उत्तर देई, आणि तसा इशारा तिच्या टिपणांत लिहून ठेवावा लागला होता. शेवटीं नांवच बदलून 'डेन्सिटी', म्हणजे घनता, असें केलें. मॅटप्लॉटलिबमध्यें जुनें नांव प्रथम त्याज्य म्हणून जाहीर झालें आणि २०१९ मधील ३.१ आवृत्तींत काढून टाकलें. कित्येकदां वर्णन सुधारण्याचा खरा उपाय वस्तूचें नांव सुधारणें हाच असतो.

या चुका दुरुस्त करण्याची रीत साधी आहे. ज्यास चूक आढळली त्यानें मूळ आज्ञावलीची आपली प्रत घ्यावी, टिपणांतील शब्द बदलावा, आणि बदललेला भाग परत पाठवावा; या विनंतीस पुल रिक्वेस्ट म्हणतात. प्रकल्पाची जबाबदारी वाहणारे जाणते लोक ती तपासतात. आज्ञावलींत बदल असेल तर दोघांची संमति लागते. नुसत्या माहितींत असेल तर एकाची पुरे. आणि त्या एकानें कसोटी कोणती लावावी, तर लिहिलेलें सर्वांगसुंदर झालें आहे काय ही नव्हे. होतें त्यापेक्षां बरें झालें आहे काय, एवढीच. ज्यांनीं आयुष्यभर निबंध तपासले आहेत त्यांना हा नियम वाटतो तितका सोपा नाहीं हें कळेल. लाल शाई हातीं आली कीं थांबवत नाहीं.

या श्रमास मोबदला बहुधा नसतो. डोनल्ड नूथ हे संगणकशास्त्राचे आचार्य आपल्या ग्रंथांतील प्रत्येक नव्या चुकीबद्दल शोधणाऱ्यास २ डॉलर ५६ सेंटांचा चेक देत. पुष्कळांनीं तो न वटवितां चौकटींत घालून भिंतीवर लावला. मॅटप्लॉटलिबपाशीं असा खजिना नव्हता. स्वल्पविराम, चुकलेला गृहीत आंकडा, जुनें नांव असल्या क्षुद्र दिसणाऱ्या गोष्टी सुधारणाऱ्यांत विद्यार्थी होते, खगोलशास्त्रज्ञ होते, आणि ज्यांची सबंध कामगिरी एका शब्दाची आहे असेहि पुष्कळ होते.

हंटर स्वतः सुरुवातीस विचारणाऱ्यांच्या पत्रांना हातानें उत्तरें देई. २००५ नंतर तो शिकागोंतील एका व्यापारी पेढींत आंकडेशास्त्राचें काम पाहूं लागला होता. मॅटप्लॉटलिब हा फावल्या वेळचा संसार. जुन्या आज्ञावलींत त्याच्या नांवाचीं तीन आद्याक्षरें घातलेलीं टिपणें ठिकठिकाणीं आढळत. २०१२ च्या जुलैंत टेक्सासमधील ऑस्टिन येथें त्यानें मॅटप्लॉटलिबवर व्याख्यान दिलें. तेथून परततांच त्यास आंतड्याचा कर्करोग झाल्याचें निदान झालें, आणि २८ ऑगस्ट २०१२ रोजीं तो वारला. वय अवघें ४४; मागें पत्नी व तीन मुली. ज्याच्या डोक्यांत अनेक कारणें होतीं तो गेला, आणि अमुक आज्ञा अशी कां, याचें उत्तर आतां लिहिलेल्या शब्दांतूनच शोधणें भाग पडलें. मायकेल ड्रोएटबूम व त्यांच्यामागून टॉमस कॅसवेल यांनीं धुरा घेतली. २०२० सालीं गूगलच्या 'सीझन ऑफ डॉक्स' या उपक्रमांत मॅटप्लॉटलिबनें भाग घेतला. निवळ माहितीलेखनासाठीं माणूस नेमून काम करविण्याचा तो एक प्रयत्न.

मुंबईचाहि या विषयाशीं संबंध आहे. पवईच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक प्रभु रामचंद्रन यांनीं 'मायावी' ही त्रिमितीय आलेखांची पायथन लायब्ररी रचली. त्याच संस्थेंतील 'फॉसी' प्रकल्पानें पायथनचे बोलते पाठ तयार करविले, आणि अशा बोलत्या पाठांचीं मराठींतहि रूपांतरें होत आलीं आहेत. ज्या विद्यार्थ्यास इंग्रजी टिपण अडतें त्याच्यापर्यंत हा विषय अशाच मार्गानें पोहोंचतो. मूळ पान सुधारलें कीं प्रत्येक भाषांतरहि मागोमाग सुधारावें लागतें, हें ओघानेंच आलें.

प्रारंभीं लीप वर्षाची गोष्ट आली; तारखांनीं मॅटप्लॉटलिबलाहि सोडलें नाहीं. आलेखावर तारीख मांडावयाची तर तिचा आंकडा करावा लागतो. तो पूर्वीं पहिल्या सालच्या १ जानेवारीपासून झालेले दिवस, अधिक एक, असा धरीत. म्हणजे त्या दिवशीं सकाळीं सहा वाजतांचा आंकडा ०.२५ नसून १.२५. हा 'अधिक एक' कां, तर पायथनच्या कालगणनेंत तो पहिला दिवसच एक क्रमांकाचा आहे. टिपण लिहिणाऱ्यांनीं प्रांजळपणें तेथेंच नमूद केलें होतें कीं, हा एक इतिहासाचा अवशेष आहे. या पद्धतींत आजच्या तारखांचे आंकडे सात लाखांच्या पुढें जात, आणि संगणकाच्या दशांशांत तितक्या मोठ्या आंकड्यापुढें सुमारें दहा मायक्रोसेकंदांहून सूक्ष्म काळ मावत नसे. जुलै २०२० मधील ३.३ आवृत्तींत गणनेचा आरंभ १ जानेवारी १९७० वर आणला. जुन्या हिशेबानें जो दिवस ७,१९,१६३ होता तो आतां शून्य झाला. सूक्ष्मता मायक्रोसेकंदाच्या आंत आली. आणि ज्यांनीं जुने आंकडे तसेच सांठवून ठेवले होते त्यांचे आलेख जवळजवळ दोन हजार वर्षांनीं पुढें सरकले.

अशांसाठीं जुनी गणना पुन्हां चालूं करण्याची सोय ठेवली आहे. त्यासाठीं आरंभाची तारीख लिहून द्यावी लागते, आणि तो 'अधिक एक' वजा केल्यावर ती तारीख येते शून्य सालचा ३१ डिसेंबर. जें साल इतिहासकारांच्या कालगणनेंत कधीं उगवलेंच नाहीं.